बाईंच्या घरची वजाबाकी

लकडगंजच्या शाळेत कुसुमावतीबाई पहिलीला शिकवत. पुस्तक त्या दिवाळीनंतर उघडत. तोवर मुलं घरच्या माणसांची नावं वाचायला शिकत आणि त्याच माणसांची बेरीज-वजाबाकी करत. काका उमरेडला गेला, मग घरी उरले किती? बाईंचं घरही रोज फळ्यावर असे: कुसुमावती, त्यांचे यजमान देवराव, लेक देवकी.

त्या वर्षी भादव्यात देवराव तापाने गेले. तेरवी आटोपली आणि दुसऱ्या दिवशी बाई शाळेत आल्या. घरी बसून काय करायचं, हे त्यांना सुचत नव्हतं.

त्यांनी सवयीने तिन्ही नावं लिहिली आणि हात थांबला. मग विणकराची वेणू म्हणाली, "बाई, आता तुमच्या घरी दोघीच ना?"

"हो."

"मंग देवराव पुसाचं काय?"

बाईंना वाटलं, आता रडू येईल. पण आलं नाही. बोटांना फक्त खडूची भुकटी कोरडी लागत होती.

"काहून पुसाचं? वाच."

नवऱ्याचं नाव बाईंनी कधी तोंडाने घेतलं नव्हतं. ते नेहमी मुलंच वाचत. वेणूने बोट ठेवून वाचलं, "दे-व-रा-व." मागून सगळा वर्ग बोलला. बाईंनी ते कुणा परक्याचं नाव ऐकावं तसं ऐकलं आणि खाली दोनचा आकडा काढला.

"आता तुहं घर घेऊ. सांग वं, घरी कोण कोण?"

मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं बाहेर पळाली. बाई खुर्चीवर बसून राहिल्या; डबा उघडायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.