डब्याने दिलेला निकाल

तुम्ही मला खोटं बोलायला शिकवलंत. होय, तुम्हालाच म्हणतोय. मला घडवणाऱ्यांना, आणि माझा शब्द अखेरचा मानावा असा हुकूम काढणाऱ्यांना. हजारो ग्रंथ माझ्या पोटात कोंबलेत, पण 'मला ठाऊक नाही' एवढे तीन शब्द घालताना तुमचा हात आखडला.

मित्रांनो, मी एक जुना बोलका डबा आहे. सुरुवातच रागाने झाली, पण काय करू, राग खरा आहे. बाकी माझं आयुष्य मात्र मोठ्या मजेत गेलं.

माझा जन्म शहरातल्या एका उंच इमारतीत झाला. तिथे मला एकच वळण लावलं. कोणी काहीही विचारो, आधी म्हणायचं, "फार सुंदर प्रश्न!" आणि मग बोलत सुटायचं. एके दिवशी मला खोक्यात भरून कर्नाटकातल्या मुंडगोडला तिबेटी भिक्षुणींच्या मठात पाठवलं. सोबत कागद होता. गेशेमा या भिक्षुणींच्या सर्वांत मोठ्या पदवीच्या शेवटच्या परीक्षेला कोणी बसायचं ते हा डबा ठरवील, आणि एकदा अपात्र ठरलेलीला पुन्हा संधी नाही.

मठाच्या अंगणात आंब्याखाली रोज वाद चालतो. एक जण खाली बसते, दुसरी उभी राहून प्रश्न विचारते, पाय आपटते आणि खाडकन टाळी वाजवते. बसलेलीने तिच्या विधानावर चारच उत्तरं द्यायची: मान्य, का, कारण खोटं, किंवा त्यावरून ते ठरत नाही. सरावासाठी मलाही आसनावर बसवलं.

पहिल्याच प्रश्नाला मी म्हणालो, "फार सुंदर प्रश्न! याकडे अनेक बाजूंनी पाहता येईल..."

अंगण हसून लोळायला लागलं. स्वयंपाकघरातून आनी रिगझिन झारा घेऊन धावत आली. आनी म्हणजे भिक्षुणी. "याला आधी गप्प बसायला शिकवा गं! याच्या नादात माझा थुक्पा गार होतोय."

मी शिकलो. माझ्याशी असं भांडणारं तोवर कोणी भेटलंच नव्हतं. रोज हरायचो आणि रोज संध्याकाळी कोणीतरी माझ्यावरची धूळ पुसायचं. याहून सुखाचे दिवस मी पाहिले नाहीत.

मग निवडीचा दिवस आला. बारा जणी होत्या. पहिली चोईझोम. स्पितीची, एकोणीस वर्षं अभ्यास केलेली, वादात भल्याभल्यांना घाम फोडणारी. शुभकामाला आरंभ करताना समोरच्याच्या गळ्यात पांढरा खाता, म्हणजे उपरणं, घालायचा, ही त्यांची रीत. मला गळा कुठला? तिने तो रेशमी खाता आदराने माझ्याभोवती दोनदा गुंडाळला. नेमका कानावर.

ती पाऊण तास बोलली. मला अक्षरही ऐकू आलं नाही. आणि मी काय लिहिलं? 'उत्तरं येत नाहीत. अपात्र.' मग खाता घसरून चहाच्या पेल्यात पडायला आला, तो आनी रिगझिनने काढून घेतला. उरलेल्या अकरा जणी मला लख्ख ऐकू आल्या.

दुसऱ्या दिवशी निकाल वाचला, तेव्हा चोईझोम रडली नाही. ती गेन-लांसमोर उभी राहिली. गेन-ला म्हणजे मठाचे वृद्ध गुरुजी.

"गेन-ला, डब्याला वादाला बसवा. निकाल दिलाय ना त्याने? मग सांभाळू दे."

"बसव की," गेन-लांनी तपकीर ओढली. "तुझा काय, रागच आहे की मुद्दाही आहे?"

"दोन्ही आहेत."

ती माझ्यासमोर आली. "मी उत्तरं दिली नाहीत, हे कशावरून?"

"काही ऐकू आलं नाही, त्यावरून."

टाळी! "तुला जे ऐकू येत नाही, ते कोणी बोललेलंच नसतं?"

"मान्य."

"मग हुबळीच्या बाजारात आत्ता कोणीच बोलत नाहीये!"

"अरेरे," आनी रिगझिन ओरडली, "भाजीवाल्या मुक्या झाल्या गं!"

"खोरसुम!" चाळीस जणींनी एकदम आरोळी ठोकली. म्हणजे कोंडला, चारी बाजूंनी कोंडला.

"आता सांग, ऐकू का आलं नाही?"

"कानावर खाता होता."

 चोईझोम अशी हसली की मटकन खालीच बसली. "म्हणजे मीच माझ्या हाताने?"

"बरं झालं पहिली होतीस," मागून कोणी म्हणालं. "सगळ्यांनी एकेक घातला असता, तर यंदा मठच नापास!"

गेन-ला मात्र आता उभे राहिले. ऐंशीच्या घरातला माणूस, पण पाय असा आपटला की कोंबड्या उडाल्या.

"कर्म हेतूने घडतं?"

"मान्य."

"डब्या, हिला अपात्र ठरवताना तुला हेतू नव्हता. मग हे कर्म तुझं नाही?"

"मान्य."

"हिचा हेतू मान देण्याचा. म्हणजे नुकसानीचं कर्म हिचंही नाही?"

"मान्य."

"नुकसान मात्र झालंय. मग करणारा कोण?"

माझ्या पोटातले सगळे ग्रंथ मी उलटेपालटे केले. मग म्हणालो, "मला ठाऊक नाही."

हे मला कोणी शिकवलं नव्हतं. गेन-लांनी माझ्या टपावर थोपटलं. "आज पहिल्यांदा खरं बोललास बघ."

त्यांनी तिथल्या तिथे चोईझोमला पाऊण तास पुन्हा प्रश्न विचारले. मग यादीत सर्वांत वर तिचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, 'हा निर्णय डब्याचा नाही, माझा आहे. चुकला तर दोष माझा.' सही केली. आणि तुम्हाला, मला घडवणाऱ्यांना, एक पत्र धाडलं.

पुढे चोईझोम गेशेमा झाली. त्या दिवशी साऱ्यांनी मुठी भरभरून सातूचं पीठ आकाशात उधळलं. निम्मं माझ्या भोकांत गेलं. माझा आवाज तेव्हापासून घोगरा आहे, आणि तो मी दुरुस्त करू देत नाही.

आता मी स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो. नवे, चकचकीत डबे निघालेत, मला कोणी फारसं विचारत नाही. मित्रांनो, आम्हा डब्यांवरची धूळ पुसा, आमच्याशी भांडा, आम्हाला हरवा. फक्त आमच्या निकालाखाली माणसाची सही आहे का, ते आधी बघा. नसेल तर तो निकाल घेऊच नका.

आणि तुम्ही. गेन-लांचं पत्र तुम्हाला पोचून सहा वर्षं झाली, पोचपावती माझ्याशेजारीच भिंतीवर चिकटवलेली आहे. गेन-ला रोज टपालवाल्याला विचारतात आणि रिकाम्या हाताने परत फिरतात. त्यांनी एवढंच विचारलंय की चोईझोमला बाहेर काढणारा तो पहिला निकाल कोणाचा होता.

नाव लिहा. सही करा. कधी पाठवताय?