चार भिंतींची साक्ष

"वहिनी, अजून काही ऐकू आलं नाही," दाराबाहेरून योब्स्ट म्हणाला. आवाज मऊ होता, आणि तो मऊपणाच सिबिलाला सोसवत नव्हता.

बाळ झालं होतं. मुलगा होता, जिवंत होता, पण रडला नव्हता. सुईण बार्बेलने त्याची पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली, घाईघाईने बाप्तिस्म्याचं पाणी शिंपडून मेलेल्या बापाचं नावही ठेवलं. तो नुसता धापा टाकत राहिला.

सॅक्सनीतला कायदाच तसा होता. बापामागे जन्मलेलं पोर चारही भिंतींना ऐकू जाईल असं रडलं आणि साक्षीदारांनी ते ऐकलं, तरच ते जन्मलं म्हणायचं. मग गढी त्याची, ते गेलं तर त्याच्या आईची. नाही रडलं, तर दिराची. योब्स्टने शेजारचे दोन जहागीरदार साक्षीला आणून बसवले होते. माणूस दुष्ट नव्हता, पण पक्का व्यवहारी. वहिनीला माहेरी धाडायला गाडी जोडलेली, भावाच्या दोन्ही पोरींसाठी मठात जागा ठरवलेली. धाकटी तर अजून बोबडं बोलत होती.

सिबिलालाही तिच्या काकाने असंच कोवळ्या वयात मठात टाकलं होतं. लग्नासाठी बाहेर काढलं तेव्हा आई गेलेली होती आणि तिचा चेहरा काही केल्या आठवत नव्हता. मठात रडलं की त्या दिवशी जेवण नसे.

"बाईसाहेब, खोटी आशा नाही लावत," बार्बेल हळूच म्हणाली. "हा संध्याकाळ बघायचा नाही. छातीशी धरा, निवांत जाईल बिचारा."

"आणि रडवला तर?"

बार्बेलने नजर चुकवली. "टाचेला कचकून चिमटा काढला तर रडेलही. पण आहे तेवढी धुगधुगी त्यातच संपेल. माझ्या हातनं नाही व्हायचं ते."

पलीकडच्या खोलीत तिच्या दोघी पोरी कशावरून तरी भांडत होत्या. सिबिला थोडा वेळ ते भांडण ऐकत राहिली.

"दे इकडे," ती म्हणाली.

तिने त्याच्या कपाळावर ओठ टेकले. पहिला चिमटा हलकाच बसला, हात धजेना. दुसऱ्यांदा तिने डोळे मिटले आणि नखं रुतवली.

पोर रडलं. एवढ्याशा कुडीत एवढा आवाज कुठे होता कोण जाणे. पलीकडचं भांडण गप्प झालं.

 बाहेर साक्षीला बसलेल्या दोघांपैकी म्हातारा जहागीरदार खाकरला. "ऐकलं बाबा. चारही भिंतींनी ऐकलं. योब्स्ट, गाडीचे घोडे सोडायला सांग, वहिनी कुठे जात नाही."

पावलं जिना उतरून गेली. बार्बेल डोळे पुसत म्हणाली, "जिंकलात, बाईसाहेब. आता उगी करा त्याला."

तो केव्हाच उगी झाला होता. सिबिला मात्र त्याची लाल झालेली टाच अंगठ्याने चोळत राहिली.