ग्लेना धावली तेव्हा

सुरुवातीला मीसुद्धा हसले होते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे वेंडेल क्राउसबद्दल बोलताना मी साळसूदपणाचा आव आणतेय असं वाटायचं.

सेंट जॉर्जेसच्या धक्क्यावर मी एकोणीस वर्षं नोकरी करतेय. सहलीची जहाजं सकाळी ग्रेनाडाला लागतात, तीन-चार हजार माणसं उतरतात, गळ्यात जायफळाच्या माळा घालून संध्याकाळी परत चढतात. त्यांच्यातलं कुणी आजारी पडलं, हरवलं किंवा मागे राहिलं की ते माझ्या पदरात. बंदरातल्या एजंटचं काम दुसरं काय असतं? महिन्यातून एक-दोघं तरी जहाज चुकवतातच. ते जीव खाऊन धावत येतात आणि जहाजावरचे लोक कठड्याला रेलून तमाशा बघतात. शिट्ट्या, टाळ्या, उंचावलेले मोबाइल. धक्क्यावरून आम्हीही बघतो. खोटं कशाला बोलू?

त्या गुरुवारी साडेचारला मोजणी झाली तेव्हा एकच नाव कमी भरलं. ग्लेना क्राउस, वय अडुसष्ट, राहणार इंडियाना. शिडीवरच्या अधिकाऱ्याने तिच्या नवऱ्याला खाली बोलावलं. मी तिथेच उभी होते. नवरा आला तो हातात बिअरचा ग्लास घेऊन. सत्तरी ओलांडलेला, पण खांदे बैलासारखे, उन्हाने लालबुंद झालेला, हसरा माणूस. येता येता त्याने दोघा खलाशांच्या पाठीवर थाप मारली.

"साहेब, तुमच्या मिसेस अजून चढलेल्या नाहीत," अधिकारी म्हणाला. "दहा मिनिटांत आपण निघतोय. तुम्हाला त्यांच्याबरोबर थांबायचं असेल तर आत्ताच उतरायला लागेल."

"येईल हो ती. माझी हॅट आणायला गेलीय. बाजारात त्या मसालेवालीकडे राहिली."

"पण नाहीच आल्या तर?"

"तर काय, उद्या विमानाने बार्बाडोसला येईल. तेवढीच तिला कुणाला तरी सांगायला एक गोष्ट होईल! आणि आज कप्तानाबरोबर जेवण आहे आमचं. चार दिवस रांग लावून मिळालेलं टेबल आहे ते."

अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. नियमाप्रमाणे त्यांच्या खोलीतल्या तिजोरीतून बाईंचा पासपोर्ट काढून माझ्या हातात दिला गेला.

मी विचारलं, "त्यांची औषधं वगैरे काही?"

"तिच्या दुखण्यांना कशाला औषध लागतंय! सगळी डोक्यात आहेत," असं म्हणून तो वर गेला.

शिडी ओढून घेतली, पुढचे दोर सुटले, आणि तेवढ्यात फाटकातून ती दिसली. ठेंगणी, जाड बाई, फुलाफुलांचा झगा, हातात पुरुषी गवती हॅट. उजवा पाय टाकला की तिचं सगळं अंग त्या बाजूला कलंडायचं, मग ती ते उचलून सरळ करायची आणि पुढचं पाऊल टाकायची. ही तिची धाव. आमचा धक्का लांबच लांब आहे.

टॅक्सीवाला कथबर्ट माझ्या शेजारी होता. तो म्हणाला, "इयोना, बाजारातून बदक सुटलं बघ!"

तेव्हा मी हसले. पासपोर्ट माझ्याच हातात होता, तिचा नवरा काय बोलला ते याच कानांनी ऐकलं होतं, तरी हसले.

जहाजाच्या कठड्यावर एव्हाना दोन-तीनशे माणसं जमली होती. त्यांच्यात वेंडेल उठून दिसत होता, कारण त्यानेच मोठ्याने उलटे आकडे म्हणायला सुरुवात केली. "दहा! नऊ! आठ!" बाकीच्यांनी उचलून धरलं. पाचच्या आकड्याला ती अडखळून गुडघ्यावर पडली. वरून एक लांब "ओऽऽ" आला आणि ती उठतेय असं दिसल्यावर हशा. ती कडेला पोहोचली तेव्हा शेवटचा दोर पाण्यातून वर खेचला जात होता. जहाज आणि धक्का यांच्यामध्ये जेमतेम दोन हात पाणी होतं.

"पोहत ये, ग्लेना!" वेंडेल ओरडला.

सगळं जहाज खिदळलं. आणि ती बाई, गुडघ्यावरून रक्त ओघळतंय, छाती भात्यासारखी चाललीय, तिने मान वर केली, हसली आणि हॅट हलवली. जहाज वळून त्याची पाठ दिसेपर्यंत ती हसतच होती. वरचे मोबाइल दिसेनासे झाल्यावर तिचा चेहरा एकदम उतरला.

मी पुढे झाले. नाव सांगितलं. तिचे पहिले शब्द होते, "माझ्यामुळे तुम्हाला उगाच त्रास."

आमचं ठरलेलं पाहुणेघर टेकडीवर आहे, चाळीस पायऱ्या. तिची चाल बघून मी तो विचार सोडला आणि तिला माझ्या घरी घेऊन आले. वाटेत कळलं की तिच्या खुब्याचं ऑपरेशन मार्चमध्ये ठरलंय. धक्क्याच्या फाटकापर्यंत दोघं वेळेत आली होती. तिथे वेंडेलला हॅट आठवली. तो म्हणाला, "तू जा, मी जहाज थांबवून धरतो."

"तो स्वतः का नाही गेला?" मी विचारलं.

"त्याला उन्हात चालवत नाही," ती म्हणाली. जणू हे उत्तर झालं.

घरी माझी आई होती. व्हेरिटी तिचं नाव, वय शहाऐंशी, डोळे अधू पण जीभ शाबूत. तिने ग्लेनाचा गुडघा चाचपला, कोमट मिठाच्या पाण्याने धुतला आणि कोको चहा पुढे ठेवला. ग्लेनाला बोलायची सवय नसावी, किंवा ऐकणारं कुणी नसावं. पण एकदा सुरू झाल्यावर थांबेना. वेंडेल शाळेत कुस्ती शिकवायचा, ती त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गावात त्याला सगळे ओळखतात. त्याच्यासारखा गमत्या माणूस नाही. लग्नानंतर पहिल्यांदा बाहेरगावी निघाले तेव्हा वाटेत पेट्रोल भरायला थांबले, ती बाथरूमला गेली आणि हा गाडी घेऊन निघून गेला. तासाभराने परत आला. ती गोष्ट तो अजून लोकांना सांगतो. चव्वेचाळीस वर्षं झाली.

"आणि तू काय करतेस, पोरी?" आईने विचारलं.

"मीही हसते. नाही हसलं तर तो जास्त वेळ सांगत बसतो."

आईने तिच्या गुडघ्याला फडकं बांधलं. मग म्हणाली, "मासळी साफ करताना आतडी फेकतात ना, तसं टाकलंय त्याने तुला आज. तुला कळलंय ते. धक्क्यावरच कळलंय."

ग्लेनाने कप खाली ठेवला. "आजी, तुम्ही त्याला ओळखत नाही. मनाने वाईट नाही तो."

"मनाने कोण वाईट असतं गं!" आई म्हणाली, आणि उठून आत गेली.

सकाळी आम्ही तळलेल्या पोळ्या आणि खारा मासा खात होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला. जहाजावरून वेंडेल. मी फोन मधे टेबलावर ठेवला, म्हणजे तिला जेवता जेवता बोलता यावं.

"म्हातारे! प्रसिद्ध झालीस तू!" तो गरजला. "आमच्या टेबलवरच्या त्या पोरीने तुझी धाव मोबाइलवर टाकली. चाळीस हजार लोकांनी बघितली! सगळे विचारतायत, बदकबाई कधी येतेय? बरं, ऐक. ती निळी गोळी सकाळची की रात्रीची?"

"सकाळची. जेवणानंतर," ग्लेना म्हणाली. "आणि पांढरी अर्धीच घे, वेंडेल."

"हॅट आहे ना?"

"आहे."

फोन बंद झाला. कुठे झोपलीस, लागलं का, काही नाही. आईने ताट बाजूला सारलं.

"ऐक माझं. त्याच्यामागे जाऊ नकोस. विमान धर आणि सरळ तुझ्या घरी जा."

"घरीही चार दिवसांनी तोच येणार ना, आजी," ग्लेना म्हणाली. तिने उरलेली पोळी खाल्ली, बशी विसळून ठेवली, आणि मी तिला विमानतळावर सोडून आले.

पुढचं मला मर्ल गिटन्सने सांगितलं. बार्बाडोसला, ब्रिजटाउनच्या बंदरात, माझं जे काम, तेच तिचं. विमानतळावरून तिनेच ग्लेनाला जहाजापाशी आणलं. तिथे वेंडेल वीसेक जणांना घेऊन उभा होता. कुणीतरी कागदावर बदक काढून त्याखाली ग्लेनाचं नाव लिहिलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्लेना हसली. मग वेंडेलने मोबाइल काढला.

"परत एकदा धाव. त्या दिव्याच्या खांबापासून इथवर. काल लांबून काही धड आलं नाही."

"खुबा फार दुखतोय रे."

"दहा पावलं गं, म्हातारे. लोक थांबलेत."

मर्ल म्हणाली, "मी मधे पडायला हवं होतं. पण मला वाटलं, नवरा-बायकोची थट्टा चाललीय." ग्लेनाने पिशवी खाली ठेवली, खांबापर्यंत चालत गेली, वळली आणि धावली. सहाव्या-सातव्या पावलाला पडली. हाड मोडल्याचा आवाज मर्लला ऐकू आला. लोकांना नाही आला. त्यांना वाटलं ही पण गंमतच, आणि ते हसत राहिले. वेंडेल सगळ्यांत शेवटी थांबला.

या वेळी मात्र त्याला कुणी विचारलं नाही. अधिकाऱ्यांनी दोघांच्याही बॅगा भरून धक्क्यावर आणून ठेवल्या, आणि जहाज त्याला मागे सोडून गेलं. तो मर्लपाशी चडफडत होता, "अजून तीन बंदरं बाकी होती! तीन!" हॉस्पिटलात मात्र तो पुन्हा खुलला. आल्यागेल्याला ग्रेनाडाची गोष्ट सांगायचा. नर्सा हसायच्या. ग्लेना पाय बांधून पलंगावर पडलेली असायची आणि तीही हसायची.

तिसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला. आवाज इतका बारीक की आधी ओळखलाच नाही.

"इयोना, एक काम करशील? सिस्टरला सांग, त्याला आत सोडू नका."

"तुम्हीच सांगा ना. तुमचं नक्की ऐकतील."

"मला नाही येत सांगता. त्याच्याविषयी बोलायला तोंड उघडलं की हसूच येतं."

मी मर्लला सांगितलं, मर्लने सिस्टरला. सिस्टर दारातच उभी राहायची, "पेशंट झोपलाय." सकाळी झोपलाय, दुपारी झोपलाय, चार वाजता झोपलाय. वेंडेल बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. एक-दोन दिवस त्याने बाकावरच्या इतर नातेवाइकांना गोष्ट सांगितली. पण कुणाचा बाप आत अत्यवस्थ होता, कुणाचं मूल. ते उठून दुसरीकडे बसायला लागले. सहाव्या दिवशी त्याने मर्लला गाठलं.

"ती रागावलीय का माझ्यावर?"

"मला कसं माहीत असणार?" मर्ल म्हणाली. "ओळख माझी नाही, तुमची आहे."

तो खरंच विचारात पडला, असं मर्ल म्हणते. मग त्याने विचारलं, जवळपास बरी बिअर कुठे मिळेल.

सातव्या दिवशी हॉस्पिटलने सोडलं. दाराबाहेर चाकाची खुर्ची होती आणि खुर्चीमागे वेंडेल. ग्लेना त्या खुर्चीत बसली. दुसऱ्या कुठल्या दाराने ती गेली असती, मला सांगा.

फेब्रुवारीत तिचं पत्र आलं. ऑपरेशन मार्चच्या आधीच करावं लागलं, आणि उजवा पाय दोन बोटं आखूड राहिला. वेंडेलने येत्या उन्हाळ्यातल्या अलास्काच्या जहाजाची तिकिटं काढलीत. मी पत्र आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "लिही तिला, जाऊ नकोस. मोठ्या अक्षरांत लिही." मी लिहिलं. उत्तर आलं नाही. मे महिन्यात आई गेली, तेही मी कळवलं.

ऑगस्टमध्ये एक कार्ड आलं. बर्फाचे डोंगर, निळं पाणी. मागे तिच्या नीटस अक्षरांत चार ओळी होत्या. आजींचं वाचून वाईट वाटलं. मी एकाही बंदरावर उतरले नाही, खोलीतच बसते. वेंडेल उतरतो आणि वेळेवर परत येतो. डोंगर फार सुंदर आहेत म्हणे.