ताटातल्या आठ वस्तू

"तुमच्या भिंगरीचं लक्षच नसतं," शाळेतल्या बाई म्हणाल्या. "आठ वस्तू दाखवायच्या, झाकायच्या, एक काढून घ्यायची. बाकीची मुलं पटकन सांगतात काय गेलं ते. ही माझ्या तोंडाकडे बघत बसते." शुक्रवारी त्या ही परीक्षा पुन्हा एकदा घेणार होत्या. नाही जमलं तर आणखी एक वर्ष त्याच वर्गात.

मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालते, दिवसाला चारशे. घरी आल्यावरही हात कोपरे जुळवतच असतात. तरी त्या संध्याकाळी ताट मांडलं. चमचा, किल्ली, बटण, खडू, कंगवा, काडेपेटी, झाकण, पेन्सिल. वर टॉवेल. एक वस्तू मुठीत घ्यायची, टॉवेल उचलायचा आणि विचारायचं.

पहिल्या दिवशी तिला एकही आली नाही. मी ओरडले. बरंच ओरडले, खोटं कशाला बोलू? "डोळे आहेत की बटणं?" असंही म्हणाले. अंगात त्राण नसलं की माझी जीभ सुटते.

दुसऱ्या दिवशी तीन बरोबर आल्या. बुधवारी आठच्या आठ. "चम...," म्हणायची, जरा थांबायची आणि मग "किल्ली!" पोरगी विचार करायला लागली म्हणून मला कोण आनंद झाला. गुरुवारी तर मला मधेच डोळा लागला, तरी तिनं खडू अचूक ओळखला. धुलाईखान्यात मी सगळ्यांना सांगत सुटले. आमची मुकादम म्हणाली, "तुझ्यावर गेली नाही, बरं झालं."

शुक्रवारी बाईंनी ताटातली एक वस्तू काढून टेबलाच्या खणात टाकली. भिंगरीनं बाईंकडे पाहिलं. मग वळून दाराकडे, माझ्याकडे. मी धास्तीनं रुमालात तोंड खुपसून उभी होते.

"कंगवा," ती म्हणाली.

बाईंच्या ताटात कंगवा नव्हताच. बाईंनी मान हलवली आणि वहीत लिहून टाकलं.

परत येताना माझ्यात ओरडण्याचीही ताकद नव्हती. "घरी कसं गं यायचं सगळं?"

"घरी सोपं असतं," ती म्हणाली. "किल्ली असली की तुझा अंगठा बाहेर राहतो. कंगवा तर मुठीत मावतच नाही. आणि मी चुकीचं बोलायला लागले की तुझ्या कपाळावर आठी येते. मग थांबायचं, दुसरं म्हणायचं."

"आणि काल? मी झोपले होते ना?"

"तुझी मूठ उघडली होती की. खडू दिसत होता."

हसावं की रडावं कळेना. एवढं सगळं तिनं चार दिवसांत एकटीनं शोधून काढलं होतं. "अगं, मग ताटाकडे कधी बघायचीस?"

"ताट थोडंच ओरडतं?"

मी तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. लाज वाटली, फार वाटली. बाईंना वाटत होतं तिचं लक्ष नाही. होतं सगळं, आणि ते मी माझ्या कपाळावर खिळवून ठेवलं होतं. तिचं दप्तर मांडीवर घेतलं आणि विचारलं, "आत्ता काय दिसतंय कपाळावर?"

तिनं जवळ येऊन नीट पाहिलं, घाई न करता.

"आठी नाहीये," ती म्हणाली. "नुसती दमलीयेस."