टाकीतला निकासियो

दोन्या ओब्दुलियाच्या, म्हणजे ओब्दुलियाबाईच्या, दारात रांग लागली होती. कोणाच्या हातात मेणबत्ती, कोणाच्या हातात गेलेल्या माणसाचा फोटो. वेराक्रूझ बंदरातल्या आमच्या गल्लीत तिच्या नवऱ्याच्या, निकासियोच्या, प्रेतयात्रेलाही एवढी माणसं नव्हती.

"डॉक्टर, निकासियो बोलतो!" तळलेले मासे विकणारी तोमासा माझी बाही धरून ओढू लागली. "आधी डोळ्यांनी बघा, मग नाक मुरडा."

निकासियोला जाऊन वर्ष होत आलं होतं. मागे राहिली होती ती त्याची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. त्याच्यामागे टाकीची रया गेली. प्रवाळं मिटली, मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करू लागले. ओब्दुलिया रोज त्या काचेपुढे बसून रडायची. अशातच बंधू एव्हारिस्तो आला. पांढरा अंगरखा, गळ्यात शिंपल्यांची माळ. सगळ्यांना बाहेर काढून त्याने दार लावून प्रार्थना केली, आणि आठवड्याभरात टाकी खरोखरच जिवंत झाली. मग तो म्हणाला, "तुझा नवरा परत आलाय, बाई."

आत बंधू टाकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसला होता. "सागराच्या सात दारांतून ये, निकासियो! मिठाच्या वाटेने ये!" मग अगदी व्यवहारी आवाजात, "मागचे जरा सरका, आत्म्याला वारा लागू द्या." पुन्हा डोळे मिटून, "आलास का?"

पंजासारखं एक मऊ प्रवाळ हळूच ओब्दुलियाकडे झुकलं. लोकांनी छातीवर क्रूस काढले.

"हे घर आमच्या प्रार्थनामंदिराला द्यावं, अशी तुझी इच्छा आहे?"

प्रवाळ झुकलं.

"तुझी लेक आम्हाला मानत नाही. तिने या घरात पाऊल ठेवावं का?"

प्रवाळ हललं नाही.

ओब्दुलियाने मान खाली घातली. ग्रिसेल्दा, तिची एकुलती एक लेक, दूर मेरिदाला असते. आईने तिचा फोन घेणं सोडल्याचं गल्लीत ऐकलं होतं; का, ते मला तेव्हा कळलं.

"त्याला भूक लागली असेल," असं पुटपुटत ओब्दुलियाने पाण्यात माशांच्या खाद्याची चिमूट सोडली. कण संथ खाली येत होते. बंधूने पुढचा प्रश्न विचारला, प्रवाळ झुकलं, आणि त्याच क्षणी ते कण खडकामागून पिचकारी मारावी तसे सरळ पुढे उडाले.

आत्मा पिचकारी मारत नाही. पंप मारतो.

"बंधू," मी म्हणालो, "मलाही मित्राशी बोलायचंय. तुम्ही जरा ओसरीवर जाता?"

"आत्मा माझ्याशिवाय येत नाही!"

"का हो? निकासियो या घरात चाळीस वर्षं राहिला, तेव्हा कुठे तुमची परवानगी घेत होता?"

कोणीतरी हसलं. तोमासाने बंधूला दंडाला धरून उठवलं. "जा ना, घाबरता कशाला?"

मी त्याच्या खुर्चीत बसलो आणि बुटाने गालिचा चाचपला. एक उंचवटा लागला.

"निकासियो, हा बंधू लबाड आहे का?"

मी पाय दाबला. प्रवाळ झुकलं.

मग मी गालिचा उचलला. खाली बटण होतं, बटणाची वायर कपाटामागून टाकीत गेली होती, आणि खडकाआड मुठीएवढा पंप लपवला होता. एरवी तो मंद चाले, बटण दाबलं की जोरात. आम्ही वळून पाहिलं तर ओसरी रिकामी. बंधूने टॅक्सी गाठली होती.

"पण टाकी कशी काय सुधारली?" तोमासा हट्टाने म्हणाली. "ते तर खरं ना?"

"ते खरं. टाकीतला निकासियोचा जुना पंप कुठे वळवलाय बघा. काचेकडे!"

"तो मीच वळवला," ओब्दुलिया हळूच म्हणाली. "प्रवाळाच्या फुलांना धक्के बसायचे, बघवेना मला."

"दोन्या, ती समुद्रातली. त्यांना धक्केच हवेत. पाणी थांबलं की खडकामागे घाण साचते, आणि पृष्ठभाग हलला नाही की हवा आत जात नाही. त्या भामट्याच्या पंपाने पाणी फिरलं, एवढंच."

लोक एकेक करून पांगले. मी दोन्ही पंप दोन बाजूंना, वरच्या अंगाला, समोरासमोर लावले. दोन प्रवाह मध्ये भिडले, खडकाला वळसा घालून मागे गेले, आणि पृष्ठभागावर लाटा उठल्या.

ओब्दुलिया बघत होती. "डॉक्टर, तुम्ही बरोबर केलंत. पण आता संध्याकाळी मी कोणाशी बोलू?"

तिच्या भिंतीला लागून माझं घर, आणि वर्षभरात मी तिच्याकडे एकदाही बसलो नव्हतो.

तिने लेकीला फोन लावला. घंटा वाजून वाजून थांबली. "कामात असेल," असं म्हणून तिने फोन मांडीवर ठेवला. घरी जायचं सोडून मी कॉफी केली. कप रिकामे होत आले तेव्हा फोन वाजला.

"हो गं, आईच बोलतेय," ती म्हणाली, आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून टाकीला पाठ करून बसली.

चमत्कार दिसला की गालिचा उचलून बघा, वायर कुठे जाते ते शोधा, प्रश्न विचारायला लाजू नका. आणि कोणाच्या घरात मेलेला माणूस बोलू लागला, तर त्या घरातल्या जिवंत माणसाशी शेवटचं कोण आणि कधी बोललं, तेही विचारा. भोंदूला तिथूनच आत यायला वाट मिळते.