पेलिकन्सचा डावखुरा

"एकशे चार," अनुपमा स्वतःशीच म्हणाली आणि अंगठ्याखालचं बटण दाबलं.

तिच्या मुठीतला काउंटर लॅबमधून बाद झालेला होता. जबल अलीतल्या एका पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये ती सतरा वर्षं जिवाणू मोजत होती. काचेच्या बशीवर उगवलेला प्रत्येक ठिपका म्हणजे एक टिचकी. शनिवार-रविवारी बेसबॉलच्या मैदानावर त्याच काउंटरवर ती पिचरने टाकलेले चेंडू मोजायची.

पिचर रामेश्वर होता. डावखुरा, एकतीस वर्षांचा, अंगाने काटक. काल त्याने अठ्ठ्याऐंशी चेंडू टाकले होते आणि आज पुन्हा तोच उभा होता. सुरुवातीला त्याचं कोपर खांद्याच्या रेषेत येत होतं. आता ते चार बोटं खाली आलं होतं, आणि दोन चेंडूंच्या मधे तो हात लोंबता सोडून बोटं झटकत होता. हात थकलाय हे ओळखायला कुठलं शास्त्र लागत नव्हतं, फक्त बघावं लागत होतं.

ज्यांनी बघायला हवं होतं ते दत्तप्रसाद कंपनीच्या छत्रीखाली बसून फोटोग्राफरला सूचना देत होते. ते संघाचे मॅनेजर. संघ ज्या कंपनीचा, तिथेच ते एचआर हेड होते आणि पुण्यात असताना क्लबकडून क्रिकेट खेळलेले होते.

"काढा त्याला," अनुपमा पुटपुटली.

शेजारी बसलेल्या इराने फोनवरून नजर न काढता विचारलं, "मॉम, व्हाय डोंट यू जस्ट टेल देम?"

"सांगितलंय. सहा वेळा."

"देन स्टॉप कमिंग."

पंधरा वर्षांच्या मुलीला हे सोपं वाटत होतं. अनुपमाने पुढचा चेंडू मोजला.

एकशे एकोणिसाव्या चेंडूवर सामना संपला. देरा पेलिकन्स पाच-चार असे जिंकले आणि आठ संघांच्या त्या हौशी लीगमध्ये सहाव्याचे पाचवे झाले. खेळाडूंनी रामेश्वरला खांद्यावर घेतलं. त्याने टोपी उजव्या हाताने काढून हलवली. डावा हात त्याने पोटाशी धरला होता, जसं माणूस गर्दीतून काचेचं भांडं नेतो. फोटोत ते दिसलं नसणार.

अनुपमा जळगावची. तिथल्या शाळांमधून सॉफ्टबॉल जोरात खेळला जातो. जिल्हा, विभाग, राज्य अशी प्रमाणपत्रं मिळवायची आणि दहावीला वाढीव गुण घ्यायचे, ही तिथली रीतच. ती कॅचर होती. एमएस्सीपर्यंत खेळली, मग लग्न झालं, मग आखातात येऊन करामातला दोन खोल्यांचा फ्लॅट आणि जबल अलीची बस. सहा वर्षांपूर्वी सुपरमार्केटच्या दारावर तिला पेलिकन्सचं पत्रक दिसलं. बेसबॉल म्हणजे आपला सॉफ्टबॉल नव्हे, पण बेस तेच, पळणं तेच, हातमोज्यात चेंडू बसल्याचा आवाज तोच. ती पहिल्या सामन्याला एकटी गेली आणि मग जातच राहिली.

सहा वर्षांत पेलिकन्स पाचव्याच्या वर कधी गेले नव्हते. वाईट संघाचा राग येत नाही, त्याची कीव येते. पेलिकन्स वाईट नव्हते. ते मधले होते आणि त्यांना मधलं ठेवण्याचं काम व्यवस्थापन नेटाने करत होतं. संघातला सर्वांत चपळ क्षेत्ररक्षक, एक फिलिपिनो इलेक्ट्रिशियन, त्यांनी दुसऱ्या संघाला देऊन टाकला, कारण तो सरावाला उशिरा यायचा. त्याची शिफ्ट कधी सुटते हे कुणी विचारलं नाही. कॅचरचे हातमोजे फाटले होते, त्या वर्षी नवा लोगो काढला आणि ड्रोन घेतला. फलंदाजीत चौथा, म्हणजे सर्वांत भरवशाच्या फलंदाजाच्या जागी कोण, तर सेल्स हेडचा मेहुणा. तो क्रिकेटवाला. चेंडू मारायचा आणि बॅट धरून, मारला कसा ते बघत उभा राहायचा. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की पळावंच लागतं, हे त्याच्या अंगात दोन सीझनमध्ये उतरलं नव्हतं. उभ्या उभ्या बाद व्हायचा. पुढच्या शनिवारी परत चौथा.

दर सोमवारी अनुपमा मॅनेजमेंटला ईमेल लिहायची. मुद्दे क्रमांक घालून, आकडे तपासून. उत्तर यायचं, तुमच्या फीडबॅकबद्दल आभार. उत्तर पाठवायची वेळसुद्धा दर वेळी तीच असायची.

रामेश्वरला मात्र तिनेच आणलं होतं. दीड वर्षापूर्वी महाराष्ट्र मंडळाच्या मेळ्यात डबे पाडायचा स्टॉल होता. एक हडकुळा माणूस पुढे आला आणि त्याने कमरेखालून हात फिरवून चेंडू सोडला. पोरं हसली. तीन चेंडूंत डब्यांची उतरंड साफ. दुसऱ्यांदा रचली, दुसऱ्यांदा साफ. चौथ्या वेळी स्टॉलवाल्याने हात जोडले, "खलास, भाऊ, बक्षिसं संपली."

अनुपमाने त्याला गाठलं. "सॉफ्टबॉल?"

तो दचकला. इथे कुणी ते नाव घेतलं नव्हतं. "हो ताई. जळगाव. तीन वर्सं युनिव्हर्सिटी."

तो जबल अलीच्या एका गोदामात कार्टन उचलायचा. गोदाम पेलिकन्सच्याच कंपनीचं. तिने त्याला चाचणीला नेलं, लीगच्या नोंदणीचा फॉर्म स्वतः भरला. आठ महिन्यांत तो खांद्यावरून चेंडू टाकायला शिकला आणि पेलिकन्सला पहिल्यांदा एक खराखुरा पिचर मिळाला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्या गोदामाच्या फाटकाशी गेली. तो बाहेर आला. कोपर सुजलं होतं. कंपनीच्या नर्सने जेल दिलंय, म्हणाला, बरं वाटतंय. तिने त्याला मूठ आवळायला सांगितली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुरतं मिटत नव्हतं.

शनिवारी टाकू नकोस, तिने सांगितलं. तो फाटकाकडे बघत राहिला. मग त्याने जे सांगितलं ते तिला ठाऊक नव्हतं. दत्तप्रसादसाहेबांनी शब्द दिला होता, पेलिकन्स पहिल्या चारांत आले तर एप्रिलपासून तो स्टोअरकीपर.

"खुर्ची हाय ताई. एसीत. कार्टन उचलायचं नाई," तो म्हणाला. "अजून तीन मॅची. तुमी काई बोलू नका."

ती काही बोलणार नाही असं तिने सांगितलं नाही. बोलणार असंही सांगितलं नाही.

गुरुवारी अर्धी रजा टाकून ती देऱ्यातल्या कंपनीच्या ऑफिसात गेली. दत्तप्रसादांनी उठून स्वागत केलं, चहा मागवला. पेलिकन्सची एवढी लॉयल फॅन दुसरी नाही असं सांगितलं. तिने आकडे पुढे ठेवले. सहा वीकेंड, प्रत्येकी दोन सामने, चेंडू किती, कोपर कितव्या चेंडूला खाली आलं. जगात कुठेही पिचरला इतक्या चेंडूंनंतर चार दिवस विश्रांती देतात, हे तिने सांगितलं. आवाज न चढवता ती एकेक कागद पुढे सरकवत होती.

"अनुपमाताई, फास्ट बोलरसुद्धा दिवसाला वीस ओव्हर टाकतो," ते हसून म्हणाले. "तो स्वतः कम्प्लेंट करत नाही. तुम्ही का एवढं मनाला लावून घेताय?"

"तो कसा करेल? तुम्ही त्याच्यापुढे खुर्ची टांगून ठेवलीय."

हसू गेलं. त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी शोधलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. "हे अक्षर तुमचंच ना?"

चाचणीच्या दिवशीचा फॉर्म होता. खेळाडूबद्दल विशेष माहिती, या रकान्यात तिने लिहिलं होतं की हा एका दिवसात तीन पूर्ण सामने टाकतो आणि थकत नाही.

"आम्ही प्लॅनिंग यावर केलं, मॅडम. आम्हाला काय स्वप्न पडलं?"

"ते सॉफ्टबॉलचं आहे. तिथे हात खालून फिरतो, कोपरावर ताण येत नाही. तिथे सगळेच पिचर एका दिवसात तीन सामने टाकतात."

"इथे कुठे लिहिलंय तसं?"

कुठेच लिहिलं नव्हतं. वाक्य खरं होतं. जळगावच्या मैदानावर, मे महिन्याच्या उन्हात, असे पिचर तिने डोळ्यांनी बघितले होते. पण तिच्या लॅबमध्ये कुठल्या पद्धतीने तपासलं हे न लिहिलेला अहवाल कुणी दिला असता, तर तिने तो सहीविना परत पाठवला असता. त्या दिवशी तिला रामेश्वर संघात हवा होता. तिला घाई झाली होती.

"दुरुस्ती करून देते," ती म्हणाली.

"आता कशाला? सीझन संपत आला. यल्ला, चला, चहा घ्या, थंड होतोय."

चहा तिने घेतला नाही. तिला दत्तप्रसादांचा राग आला होता आणि त्यांनी दाखवलेलं अक्षर तिचं होतं, म्हणून काही तो राग कमी होत नव्हता. उलट वाढत होता. सहा वेळा आकडे पाठवले ते यांनी वाचले नाहीत. तिचं एकच सोयीचं वाक्य मात्र दीड वर्ष जपून ठेवलं.

लीगचं ऑफिस तिथून मेट्रोने चार स्टेशनं. सेक्रेटरी अरफा नावाची तरुण मुलगी होती. तिने मूळ फॉर्म काढून दिला. अनुपमाने लॅबच्या शिस्तीने दुरुस्ती केली. चुकीच्या वाक्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. वर खरी माहिती, सही, तारीख. सोबत आकड्यांचा कागद जोडला. अरफाने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "आंटी, आपको पता है ना, अब बिना डॉक्टर के सर्टिफिकेट के ये खेल नहीं सकता?"

अनुपमा म्हणाली, पता है.

शुक्रवारी रामेश्वरचा फोन आला. त्याला फाटकावर दत्तप्रसादांनीच गाठून सांगितलं होतं, कुणामुळे काय झालं ते.

"ताई, तुमी मले विचारलं का?"

"नाही."

"तवा फॉर्म भरला तवाबी नाई विचारलं. आताबी नाई."

तिला पुष्कळ काही सांगता आलं असतं. "तुझं बरोबर आहे," ती म्हणाली.

पलीकडे फोर्कलिफ्ट मागे येतानाची पिंपिं ऐकू आली. मग फोन बंद झाला.

डॉक्टरच्या तपासणीत निघालं की कोपराचा अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, अर्धा फाटलेला आहे, आणि ते किमान तीन आठवड्यांपूर्वीचं आहे. म्हणजे मधले सहा सामने तो फाटक्या हाताने खेळला होता. आणखी एक सामना झाला असता तर उरलेला अर्धाही गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. हे अनुपमाला अरफाकडून कळलं. सहा महिने वजन उचलायचं नाही, असा सल्ला होता. कार्टन न उचलणारा हमाल गोदामाला नको होता. दुखापत कामावर झालेली नाही, असं कंपनीने लेखी कळवलं. कंपनीचीच जर्सी अंगात होती, त्याचं काय, ते त्या पत्रात नव्हतं. मार्चअखेर संपणारं त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं नाही असं ठरलं. त्या पत्रावर दत्तप्रसादांची सही होती. पेलिकन्सच्या वेबपानावर त्याच आठवड्यात रामेश्वरला खांद्यावर घेतल्याचा फोटो आला आणि खाली पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा.

सोमवारी अनुपमाने ईमेल लिहायला घेतली. पहिला मुद्दा लिहिला, पुसला. ती लिहिते, ते आभार मानतात, हे सहा वर्षांत दोघांच्याही सोयीचं झालं होतं. तिने लॅपटॉप मिटला आणि भांडी घासायला घेतली. इतक्या जोरात घासली की इरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. फडकं घेऊन पुसायला लागली.

सीझनच्या शेवटच्या शनिवारी पेलिकन्स पुन्हा सहाव्या नंबरवर होते. पिचर म्हणून कंपनीच्या क्रिकेट संघातला एक फास्ट बोलर उभा होता. सेल्स हेडचा मेहुणा चौथा. अनुपमा नेहमीच्या जागी बसली होती. इराही आली होती, न विचारता.

रामेश्वर तिसऱ्या डावात आला. इस्त्रीचा शर्ट, डाव्या कोपराला काळा पट्टा. मंगळवारचं त्याचं परतीचं विमान होतं. त्याने अनुपमाकडे बघितलं, मान किंचित हलवली आणि चार ओळी खाली, टोकाला जाऊन बसला. तीही उठून त्याच्याकडे गेली नाही.

पाचव्या डावात एक चेंडू वाकडा उडाला आणि जाळीवरून प्रेक्षकांत आला. दोन खुर्च्यांवर आपटून रामेश्वरच्या पायाशी थांबला. लीगला चेंडू मोजकेच मिळतात, त्यामुळे आलेला चेंडू लगेच परत टाकायचा असतो. अंपायरने खेळ थांबवून हात वर केला. बेसवरच्या खेळाडूंनी रामेश्वरला ओळखलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

त्याने चेंडू उचलला आणि बोटांत फिरवून शिवण बघितली.

"अरे फेक ना, रामेश्वर," छत्रीखालून दत्तप्रसाद ओरडले. "हबीबी, वेळ जातोय."

रामेश्वर उठला. तो पायऱ्या उतरायला लागला. घाई न करता, एकेक. खालचा कठडा, मग फाटकाची कडी, मग मैदानाच्या कडेची पांढरी रेघ. दोन्ही संघ जागच्या जागी उभे होते. अंपायरचा हात अजून वरच होता. रामेश्वर रेघ ओलांडून त्याच्यापर्यंत चालत गेला, चेंडू त्याच्या तळहातावर ठेवला, आणि आला तसा परत निघाला.