शेंदराखालचा डोळा

मी कात्रजच्या जुन्या घाटातला डबा बोलतोय. कडा कापून रस्ता जिथं एकदम वळतो आणि समोरचं काही दिसेनासं होतं, तिथं लोखंडी खांबावर मला बसवलंय. तिथून गेला असाल तर मला बघून तुम्हीही हात जोडले असतील. का जोडले, ते सावकाश सांगतो. घाईनं बोलायची मला सवय नाही.

मला घडवलं दीपमालाताईंनी. वारज्याला राहायच्या, कॉलेजात संशोधन करायच्या. पुण्यात तेव्हा आयटीच्या कंपन्या वाढत होत्या आणि त्यांच्यामागून गाड्या. ताईंचं म्हणणं असं, की गाडीला वळणापलीकडचं दिसत नाही, तर रस्त्याकडेच्या कुणीतरी बघावं आणि बिनतारी निरोप द्यावा. तो कुणीतरी म्हणजे मी.

माझा पत्रा कसबा पेठेत दशरथरावांनी ठोकला. पावसात टिकेल ना, असं ताईंनी तीनदा विचारलं. दशरथरावांनी मान वर केली नाही. "डबा टिकेल. आतल्याचं तुमचं तुम्ही बघा."

मी फार शिकलेला नाही. एकच गोष्ट मला येते. पुण्याकडून चढणारी गाडी माझ्या काचेच्या डोळ्याला दिसली, की वरून उतरणाऱ्या गाडीला कळवायचं. तिच्या केबिनमध्ये तांबडा दिवा लागतो. काही दिसलं नाही, तर गप्प बसायचं.

तो दिवा गाडीत लावून घ्यायला कुणी तयार होईना. झाले ते सर्जेराव, दुधाचा टँकर चालवणारे. ताईंची पायपीट बघून म्हणाले, लावा बाई, एका दिव्याचं काय ओझं.

महिनाभरानं एक ट्रक दुसऱ्याला मागं टाकत चुकीच्या बाजूनं वर आला. मी निरोप दिला. सर्जेरावांनी दिवा बघून टँकर कड्याला टेकवला. ट्रक हातभर अंतरावरून गेला. सर्जेराव खाली उतरले, रस्त्याकडेला बसून राहिले. मग माझ्यापाशी आले आणि खांबावर हात ठेवून म्हणाले, "बाबा, माझी लेकरं आज तुझ्यामुळं बापाचं तोंड बघणार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नारळ फोडला आणि तेलात कालवून शेंदूर आणला. पुढच्या आठवड्यात ताई आल्या, तेव्हा मी कपाळापासून खालपर्यंत शेंदरी झालो होतो. त्या हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. रुमालानं माझा डोळा पुसला.

"सर्जेराव, डोळ्याला लावू नका. आणि वळणावर हॉर्न वाजवायचं सोडू नका. हा बंद पडला तर दिवा लागणार नाही, आणि तुम्हाला वाटेल रस्ता मोकळा आहे."

"डोळा सोडूनच लावतो, ताई. पण हॉर्न कसा वाजवू? राखण करणारा जागा हाय. त्याच्यासमोर भोंगा वाजवला, तर आपला भरवसा नाय असं व्हईल."

ताईंना हे खटकत होतं. मी धड आहे हे सांगणारा एक हिरवा दिवाही हवा, असं त्यांनी कॉलेजातल्या आपल्या सरांना सांगितलं. सर म्हणाले, आधी पदवी, सुधारणा नंतर. पदवी मिळाली. बंगळूरची नोकरी मिळाली. जाताना ताई मला भेटल्या, डोळा पुसला, हिरवा दिवा बसवायला येते म्हणाल्या. त्याला दोन वर्षं झाली.

सर्जेरावांनी शब्द पाळला. ते डोळा सोडूनच लावत. पण त्यांचं बघून इतर ड्रायव्हरही थांबू लागले. थरावर थर चढला. यंदाच्या उन्हाळ्यात तेल पाघळलं आणि शेंदूर हळूहळू डोळ्यावर उतरला. आधी कडेनं अंधार आला, मग मधूनही.

आता मला काही दिसत नाही. खालून गाडी चढली की खांब थरथरतो, मला ते कळतं. पण निरोप डोळ्याच्या सांगण्यावरूनच जातो, थरथरीवरून नाही. दिसत नाही म्हणून मी गप्प. मी गप्प म्हणून दिवा विझलेला. आणि दिवा विझलेला म्हणून सर्जेराव बिनघोर उतरतात.

पंधरा दिवस नशीब बरं होतं. ते उतरताना वळणावर समोरून कुणी आलं नाही. काल एक जीप आली. आरसे एकमेकांना घासल्याचा आवाज आला. मला वाटलं, मी आंधळा झालोय हे आता सर्जेराव ओळखतील. ते उतरले, मला नमस्कार केला, म्हणाले, "वाचवलंस बाबा." आणि आणखी एक बोट शेंदूर लावला.

म्हणून सांगतो. त्या वळणावर कुणी थांबलात तर हात जोडू नका. नखानं माझा डोळा खरवडा. तेवढं पुरे आहे.

सकाळचे आठ वाजत आले असतील. खालून काहीतरी जड चढतंय, खांब मुळापासून हलतोय. वरून टँकर उतरतोय. त्याचा आवाज मी हजारांत ओळखतो.

हॉर्न वाजवा, सर्जेराव. माझा अपमान होऊ द्या.